संगणक कक्षाचं कुलूप कधी निघणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

२०२६-२७ या वर्षापासून तिसरीपासूनच्या मुलांना कृत्रिम बुद्धिमत्ता शिकवण्याची तयारी केंद्र सरकारने सुरू केल्याची बातमी वाचली, तेव्हा मी एका गुरुजींच्या वर्गातल्या मुलांची आधारची माहिती ऑनलाइन भरत होते. गुरुजी समोरच्या बाकड्यावर बसून जनरल रजिस्टरमधलं एकेक नाव वाचत होते. त्यांच्या शाळेपासून माझं दुकान नऊ किलोमीटरवर आहे. शाळेत नेट नाही, म्हणून ते शाळा सुटल्यावर मोटरसायकलवर येतात. त्या बातमीवर मला जे म्हणायचं आहे ते थोडं लांबेल. पण पाच वर्षं शाळेत संगणक शिकवण्याची नोकरी केली आणि त्यानंतरची सगळी वर्षं दुकानात बसून हेच बघते आहे, म्हणून जागा द्यावी ही विनंती.

मी भूम तालुक्यातल्या एका बाजाराच्या गावात आपले सरकार सेवा केंद्र चालवते. उतारे, दाखले, पीकविमा, परीक्षांचे फॉर्म, झेरॉक्स. त्याआधी, जून २०१२ ते २०१७, शेजारच्या गावातल्या एका अनुदानित हायस्कूलमध्ये मी संगणक शिक्षिका होते. शाळेचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथल्या मुख्याध्यापकांचा आणि शिक्षकांचा यात काही दोष नाही.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. शाळांमध्ये माहिती तंत्रज्ञान नेण्याची केंद्राची ‘आयसीटी ॲट स्कूल्स’ ही योजना डिसेंबर २००४ मध्ये सुरू झाली आणि २०१० मध्ये सुधारून पुन्हा आली. ७५ टक्के पैसे केंद्राचे, २५ टक्के राज्याचे. आपल्याकडे ती ‘बूट’ पद्धतीने राबवली. कंपनीने शाळेत संगणक बसवायचे, ते आपल्या मालकीचे ठेवून चालवायचे, शिकवायला माणूसही कंपनीनेच द्यायचा आणि पाच वर्षं झाली की सगळं शाळेच्या ताब्यात देऊन निघायचं. सगळं म्हणजे यंत्रं. माणूस त्या यादीत नव्हता. मी ज्या दिवशी रुजू झाले त्याच दिवशी माझी शेवटची तारीख कागदावर लिहिलेली होती.

कक्ष म्हणजे विज्ञानाच्या सामानाची जुनी खोली. खिडक्यांना निळे पडदे, खाली चटई, चपला बाहेर. संगणकाचे दहा पडदे मांडलेले, पण खरे संगणक दोनच. एकेका मोठ्या सीपीयूला पाच-पाच पडदे आणि कीबोर्ड जोडलेले होते. स्वस्तात काम होतं म्हणून तशी रचना केलेली. त्यातला एक सीपीयू बसला की पाच जागा एकदम काळ्या पडायच्या आणि पंचवीस मुलं उभी राहायची. दुरुस्तीचा माणूस लातूरहून यायचा, कधी आठ दिवसांनी, कधी महिन्याने. लोडशेडिंगचं वेळापत्रक आणि शाळेचं वेळापत्रक कधी जुळायचं नाही. जनरेटर होता, पण डिझेल कोणी आणायचं, कंपनीने की शाळेने, हे शेवटपर्यंत ठरलं नाही. बऱ्याचदा मुख्याध्यापकांनी स्वतःच्या खिशातून आणलं.

आणि अर्थिंग, म्हणजे यंत्रात गळणारी वीज जमिनीत सोडणारी तार. २०१२ चा पाऊस गेला आणि २०१३ च्या उन्हाळ्यात आमच्याकडची गावंच्या गावं टँकरवर आली. अर्थिंगच्या खड्ड्यात ओल असावी लागते. मीठ आणि कोळसा घालून वरून अधूनमधून पाणी सोडावं लागतं. खड्डा वाळला की यूपीएस सारखा वाजायचा आणि सीपीयूच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या यायच्या. अशा वेळी मी मुलांना बसू देत नसे. शाळेत प्यायलाच पाणी नव्हतं, मुलं घरून बाटली आणायची. एका दुपारी नववीच्या मुली तासाला येताना खोलीच्या मागच्या बाजूने आल्या. बघते तर प्रत्येकीने आपल्या बाटलीच्या तळाशी उरलेलं पाणी खड्ड्याच्या पाइपात ओतलं. मी कोणाला सांगितलं नव्हतं. “तास बुडायला नको मॅडम,” एवढंच त्या म्हणाल्या. मग परीक्षा होईपर्यंत रोज हे चाललं. ग्रामीण मुलांना तंत्रज्ञानाची ओढ नाही असं कोणी माझ्यासमोर म्हटलं की मला तो पाइप दिसतो.

आता त्या ओढीला आपण किती दिलं त्याचा हिशोब सांगते. आठवीच्या वर्गात ४८ मुलं, जागा दहा. एका जागेवर पाच जणं, कुठे चार. तास ३५ मिनिटांचा. चपला काढून, रांगेने बसून, यंत्रं चालू होईपर्यंत पाच मिनिटं जायची, उरायची तीस. प्रात्यक्षिकाचा तास आठवड्यातून एक. म्हणजे एका मुलाच्या बोटांना कीबोर्ड मिळायचा आठवड्यातून सहा मिनिटं. सणवार, परीक्षा आणि गेलेली वीज वजा करून वर्षाला तीस तास झाले असं धरलं, तर वर्षाला तीन तास. हे अंदाजाने सांगत नाही, माझ्याकडे रजिस्टर आहे. तारीख, इयत्ता, हजर मुलं, वीज होती की नाही, किती जागा चालू, काय शिकवलं, असे रकाने मीच आखले होते. तपासणीला आलेल्या साहेबांनी ते रजिस्टर कधी मागितलं नाही. ते यंत्रांवरचे नंबर डेडस्टॉकशी, म्हणजे शाळेच्या सामानाच्या नोंदवहीशी, ताडून बघायचे आणि सही करून जायचे.

त्या सहा मिनिटांत काय होतं तेही सांगायला हवं, नाहीतर हा सगळा उद्योग फुकटचाच होता असं वाटेल. मराठीसाठी सरकारने ठरवलेली कीबोर्डची पद्धत इनस्क्रिप्ट. आमच्या कीबोर्डवर अक्षरं फक्त इंग्रजी छापलेली होती. मी वहीच्या कागदाचे बारीक चौकोन कापून त्यावर मराठी अक्षरं लिहिली आणि चिकटपट्टीने प्रत्येक बटणावर बसवली. पहिला शब्द मी सगळ्या वर्गांना एकच शिकवायचे. शिफ्ट दाबून धरायचं, मग इंग्रजी ई आणि इंग्रजी आर, शेजारशेजारची दोन बटणं. झालं ‘आई’. एक मुलगा होता, सहामाहीपर्यंत तो मागेच उभा राहायचा, आपली पाळी दुसऱ्याला देऊन टाकायचा. वाचनात कच्चा होता, चुकेल म्हणून घाबरायचा. एकदा त्याला हाताला धरून बसवलं. त्याने आ काढला, ई काढली आणि पडद्यावर अक्षर आलेलं बघून बोट उचलायचंच विसरला. ओळभर ‘आईईईईईई’ होत गेलं. वर्ग हसला, तोही हसला. मग बाकीच्या जागांवर सगळ्यांनी तसंच केलं आणि दहा पडद्यांवर दहा लांबलचक हाका उमटल्या. तो मुलगा पुढे दहावीला पास झाला. संगणकामुळे झाला असं मी म्हणणार नाही. पण त्या दिवसानंतर तो मागे उभा राहिला नाही.

हातात साडेचार हजार यायचे, तेही तीन-चार महिन्यांचे एकदम. सरकारकडून कंपनीला बिल मिळालं नाही म्हणून कंपनीकडून आम्हाला नाही, असं उत्तर ठरलेलं. राज्यभरातल्या संगणक शिक्षकांनी मुंबईला आझाद मैदानावर कितीदा धरणं धरलं. एकदा मीही गेले, मुलीला आईकडे ठेवून. आमचं मागणं फार नव्हतं. सरकारी कर्मचारी करा ही मागणी होतीच, पण ते होत नसेल तर निदान कक्ष चालू राहील अशी काहीतरी सोय करा, एवढं तरी ऐका म्हणत होतो. पाच वर्षं भरली आणि करार संपला. रजिस्टरमधली माझी शेवटची नोंद अशी आहे: दहावी ब, हजर ३९, वीज आहे, चालू जागा सात, स्प्रेडशीटमध्ये टक्केवारी काढणे. त्या दिवशी सात जागा चालू होत्या. दुसऱ्या दिवशी खोलीला कुलूप लागलं. सात चालू जागांना कुलूप लागलं, हे मला आजही सहन होत नाही.

कुलूप का लागलं? यंत्रं शाळेच्या मालकीची झाल्याचा अंतिम कागदच शाळेला मिळाला नाही. आपल्या मालकीची नाहीत म्हणून दुरुस्तीवर शाळेला खर्च दाखवता येईना, आणि डेडस्टॉकमध्ये अडकली म्हणून भंगारातही काढता येईनात. शिकवायला कोणी नाही, कारण मंजूर पदांच्या यादीत संगणक शिक्षक हे पदच नव्हतं. विज्ञानाच्या सरांनी मध्ये कुलूप काढून दोन महिने ओढून नेलं. मग त्यांच्यावर बोर्डाचं काम आलं आणि पुन्हा कुलूप. पुढच्या पावसाळ्यात छत गळलं, उंदरांनी वायरी कुरतडल्या, यूपीएसच्या बॅटऱ्या फुगल्या.

माझा सगळा राग या ‘पाच’ आकड्यावर आहे. २०१८ मध्ये ही योजना समग्र शिक्षा या केंद्राच्या एकत्रित शालेय योजनेत मिसळली. तिच्या चौकटीत एका शाळेच्या संगणक कक्षासाठी सुरुवातीला ६.४० लाख रुपये आणि चालवण्यासाठी दर वर्षी २.४० लाख रुपये धरले आहेत. रक्कम मला लहान वाटत नाही. पण चालवण्याचे पैसे पुन्हा पाच वर्षांपुरतेच. सहाव्या वर्षी शाळेत येणारी मुलं कोणती पापं करून आलेली असतात? गणिताच्या शिक्षकाची नेमणूक कंपासपेटीच्या आयुष्याला बांधलेली नसते. खडू संपला म्हणून मराठीचा तास बंद होत नाही. संगणक हा एकच विषय असा आहे की यंत्राची मुदत संपली की शिक्षकाचीही संपते, आणि मंत्रालयात कोणाला त्यात विचित्र वाटत नाही.

आधी प्रमाणपत्र आणि मग साधन, हाही आपला जुना रिवाज. शिक्षकांना एमएस-सीआयटी सक्तीचं केलं, मुदत दिली ३१ डिसेंबर २००७. त्या मुदतीत जे पास झाले नाहीत त्यांच्या वेतनवाढी थांबल्या, वसुल्या निघाल्या. माझे एक नातेवाईक जिल्हा परिषदेत गुरुजी होते. त्यांनी बार्शीला जाऊन पैसे भरून कोर्स केला. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत त्यांच्या शाळेत संगणक आला नाही.

जिल्हा परिषदेच्या लहान शाळांचं तर अजून वेगळं आहे. तिथे ‘डिजिटल शाळा’ लोकांनी केल्या. ठाणे जिल्ह्यात शहापूर तालुक्यातल्या पाष्टेपाड्यावर संदीप गुंड गुरुजींनी लोकवर्गणीतून जे उभं केलं त्याचं नाव राज्यभर झालं. जून २०१५ मध्ये प्रगत शैक्षणिक महाराष्ट्राचा शासन निर्णय आला आणि गावोगाव लोकसहभागाची हाक गेली. आमच्या भागातही लोकांनी यात्रेच्या वर्गणीतून पैसे काढले, कोणी मुलाच्या लग्नात आहेर घेण्याऐवजी शाळेला प्रोजेक्टर दिला. हे सगळं मी डोळ्यांनी बघितलं आहे आणि गावाच्या त्या दानतीपुढे मी हात जोडते. पण प्रोजेक्टरचा दिवा गेला की पुढे काय? तीसपर्यंत पट असलेल्या शाळेला समग्र शिक्षाचं संयुक्त अनुदान मिळतं वर्षाला १०,००० रुपये. त्यातले किमान दहा टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे. उरलेल्यात खडू, रजिस्टरं, रंग, नळाची तोटी, झेंड्याची दोरी आणि विजेचं बिल. एका शाळेचं मीटर थकबाकीसाठी काढून नेलं तेव्हा आत भिंतीवर गावाने दिलेला एलईडी टीव्ही होता. त्यावर पोतं टाकून ठेवलं होतं, धूळ बसू नये म्हणून.

परितेवाडी आमच्याकडून फार लांब नाही. माढा तालुक्यातलं गाव. तिथल्या जिल्हा परिषद शाळेतल्या रणजितसिंह डिसले गुरुजींना डिसेंबर २०२० मध्ये ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला तेव्हा आमच्या दुकानात पेढे वाटले होते. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणण्याचं काम त्यांच्यापासून सुरू झालं, आज बालभारतीच्या पुस्तकांत ते आहेत. पाष्टेपाडा आणि परितेवाडी, या दोन्ही शाळांकडे बघून मला एकच दिसतं. आधी माणूस होता, मग यंत्र आलं. आपल्या योजना मात्र यंत्रापासून सुरू होतात आणि यंत्रापाशीच संपतात.

‘आता सगळ्यांकडे मोबाइल आहे, संगणक कक्षाची गरजच काय?’ असं मला एका अधिकाऱ्यांनी विचारलं होतं. मोबाइल आहे हे खरंच आहे. ‘असर’ या शिक्षणाच्या पाहणीत २०२४ मध्ये ग्रामीण भागातल्या १४ ते १६ वयाच्या मुलांपैकी ८२.२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येतो असं आढळलं. त्यांच्यापैकी मागच्या आठवड्यात अभ्यासासाठी फोन वापरलेले ५७ टक्के, समाजमाध्यमांसाठी वापरलेले ७६ टक्के. फोन हातात असणं आणि संगणकावर काम करता येणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांतला फरक मला दर एप्रिल-मेमध्ये दुकानात दिसतो.

इंजिनीअरिंग-फार्मसीसाठीची एमएचटी-सीईटी २०१९ पासून संगणकावर होते. जेईई मेन संगणकावर होते. २०२३ ची तलाठी भरतीची परीक्षा संगणकावर झाली. म्हणजे परीक्षा घेताना सरकारला संगणक सापडतो. दोन वर्षांपूर्वी संध्याकाळी दुकान आवरत असताना एक मुलगी वडिलांबरोबर आली. दुसऱ्या दिवशी तिची सीईटी होती, केंद्र सोलापूर. बारावीला चांगले गुण पडतील अशी मुलगी. वडील म्हणाले, “ताई, हिला जरा माऊस धरून बघू दे, हिनं कधी धरला नाही.” मी तिला बसवलं. तिने माऊस मोबाइलसारखा दोन्ही हातांत उचलला आणि अंगठ्याने दाबला. मग टेबलावर ठेवून सरकवायला सांगितलं तर बाण पडद्याच्या कडेला जाऊन अडकायचा आणि ती माऊस टेबलाच्या टोकापर्यंत नेत राहायची. उचलून परत मध्ये ठेवायचा असतो हे तिला कोणी सांगितलेलंच नव्हतं. तासाभरात ती शिकली, हुशारच होती. पण त्या तासभर तिचा चेहरा उतरलेला होता तो पेपर अवघड जाईल म्हणून नाही. ती आठवीला ज्या शाळेत होती तिथे दहा जागांचा कक्ष आहे. कुलूप लावलेला. ती माझ्या नंतरच्या मुलांतली.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा ई-लर्निंगचा शब्द घराघरात गेला. ‘शाळा बंद पण शिक्षण आहे’ म्हणून रोजचा अभ्यास व्हॉट्सॲपवर यायचा. जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ लागायची. ती मालिका मला खरंच आवडली, कारण तिला नेट लागत नव्हतं, टीव्ही पुरे होता. पण दिवाळीच्या आसपास आमच्याकडची कुटुंबं ऊसतोडीला जातात. घरात फोन एक, तो कोयत्याबरोबर कारखान्यावर जातो. मूल आजीजवळ राहिलं तर त्याच्याकडे फोन नाही, आणि आईबापाबरोबर गेलं तर कोपीत वीज नाही. एक आजी दर सोमवारी यायची. नातवाच्या गुरुजींनी माझ्या फोनवर पाठवलेला आठवड्याचा अभ्यास मी तिला छापून द्यायचे. ती कनवटीला बांधलेले पैसे सोडायला लागायची, मी घ्यायची नाही. तिला अक्षर ओळख नव्हती. पानं उलटी धरली की सुलटी हे ती मला विचारून घ्यायची, म्हणजे नातवाला नीट देता येईल.

आणि आज शाळेत तंत्रज्ञान म्हणजे काय उरलंय? माहिती भरणं. शाळेची माहिती ऑनलाइन भरायचं ‘सरल’ पोर्टल २०१५ मध्ये आलं तेव्हा वाटलं होतं की कागद कमी होतील. त्यात यू-डायस प्लस, शालार्थ, पोषण आहाराची रोजची नोंद, अपार आयडी, परीक्षांचे गुण, चॅटबॉटवरची हजेरी असं वाढत गेलं. शिक्षकांची पदं ठरवणारी संचमान्यता आधार जुळलेल्या मुलांवर होते. रजिस्टरात ‘शारदा’ आणि आधारवर ‘शरदा’ असेल तर ती मुलगी वर्गात रोज पहिल्या बाकावर बसत असली तरी हिशोबात बसत नाही. तशी चार-पाच मुलं निघाली की एक शिक्षक जायची भीती. म्हणून ते गुरुजी नऊ किलोमीटरवरून येतात, स्वतःचे पैसे देतात आणि अंधार पडेपर्यंत बसतात. मी त्यांच्याकडून फक्त कागदाचे घेते. ज्या हातांनी मुलांना संगणक शिकवायचा, ते हात पोर्टल भरण्यात अडकले आहेत.

शाळांच्या माहितीच्या २०२३-२४ च्या यू-डायस अहवालाप्रमाणे देशातल्या ५७.२ टक्के शाळांत चालू संगणक होते आणि ५३.९ टक्के शाळांत इंटरनेट. म्हणजे तेव्हा निम्म्याच्या आसपासच आपण होतो, आणि हा आकडा यंत्रांचा आहे. मुलांच्या बोटांना किती मिनिटं मिळाली ते यातून कळत नाही. २०२५ च्या अर्थसंकल्पात सगळ्या सरकारी माध्यमिक शाळांना भारतनेट या गावोगाव नेट पोचवणाऱ्या योजनेतून ब्रॉडबँड द्यायचं जाहीर झालं. चांगलंच आहे, लवकर यावं. पण आमच्याकडे जास्त करून हायस्कुलं खाजगी संस्थांची, अनुदानित आहेत. ती ‘सरकारी’त धरली जाणार का? आणि वायर आली तरी तिच्या टोकाला कोण बसणार?

केरळने हे कसं केलं ते आपल्या अधिकाऱ्यांनी जाऊन बघावं. तिथे २००१ मध्ये ‘आयटी ॲट स्कूल’ सुरू झालं, २०१७ मध्ये त्याची ‘काइट’ नावाची सरकारी कंपनी झाली. त्यांनी शाळेतल्याच शिक्षकांना तयार केलं आणि शाळेत एकाला संगणकाची जबाबदारी दिली. मुक्त सॉफ्टवेअर घेतलं, म्हणून परवान्याचे पैसे वाचले. हायटेक वर्गांची यंत्रं घेतानाच पाच वर्षांची वॉरंटी आणि विमा घेतला. २०१८ पासून ‘लिटल काइट्स’मध्ये मुलंच हार्डवेअर, ॲनिमेशन आणि मल्याळम टायपिंग शिकतात. मल्याळम टायपिंग वाचून मला माझे कागदाचे चौकोन आठवले. तिथे एका शिक्षिकेला ते कापत बसावं लागलं नसेल.

मला सरकारला सांगायचं आहे ते एवढंच आहे की पुढच्या योजनेत माणूस आधी लिहा. प्रत्येक हायस्कूलला पूर्ण वेळ संगणक शिक्षक परवडत नसेल तर तीन शाळांना मिळून एक द्या, दोन-दोन दिवस वाटून, पण त्याचं पद मंजूर करा, कराराचं नको. तालुक्याला दुरुस्तीची दोन मुलं ठेवा. आयटीआय झालेली, बीसीए झालेली मुलं आमच्याकडे रिकामी बसून आहेत. संगणकाला वीज पुरवणारा एसएमपीएस बदलायला त्यांना दहा मिनिटं लागतात, लातूरहून माणूस यायला महिना लागतो. देखभालीचे पैसे पाच वर्षांवर तोडू नका, कक्ष आहे तोवर द्या. शाळांचं वीजबिल शासनाने परस्पर भरावं. ‘बूट’च्या काळातले जे कक्ष मालकीच्या कागदावाचून अडकले आहेत त्यांच्यासाठी एक शासन निर्णय काढून ते शाळांच्या नावावर करा. याला पैसाही लागत नाही. आणि तपासणीला येणाऱ्या साहेबांनी यंत्रावरच्या नंबराबरोबर एक रजिस्टरही बघावं: या आठवड्यात कोणत्या मुलाने किती मिनिटं काम केलं. तिसरीला कृत्रिम बुद्धिमत्ता जरूर शिकवा. माझा विरोध नाही, माझीही मुलगी शाळेत आहे. पण जे आठवीला ‘आई’ लिहायला सहा मिनिटंही पाच वर्षांपुढे देऊ शकले नाहीत, त्यांनी आधी या खोल्या उघडाव्यात.

जूनमध्ये मी त्या शाळेत गेले होते. मुख्याध्यापक आता नवीन आहेत. त्यांनी कुलूप उघडून दिलं, चावी सापडेपर्यंतच अर्धा तास गेला. आत वटवाघळाचा वास होता. खिडक्यांचे पडदे सडले आहेत, चटई गेली. दोन्ही मोठे सीपीयू उघडून बघितले. एकाचा मदरबोर्ड गंजला आहे, तो गेला. दुसऱ्याची हार्डडिस्क फिरते. त्याला नवा एसएमपीएस, नवी रॅम आणि मुक्त सॉफ्टवेअर घातलं तर पाच जागांपैकी चार नक्की चालू होतील. सामान मी माझ्या ओळखीने आणते, मजुरी नको. तीन कीबोर्डवर माझे कागदाचे चौकोन अजून चिकटलेले होते, शाई पिवळी पडली आहे पण वाचता येतात.

शनिवारी सकाळी दोन तास येऊन आठवीच्या मुलांना फुकट शिकवेन, असा अर्ज मी शाळेमार्फत वर पाठवला आहे. मुख्याध्यापकांची तयारी आहे, पण यंत्रं कोणाच्या मालकीची हे स्पष्ट झाल्याशिवाय हात लावू देता येत नाही, असं त्यांना वरून तोंडी सांगितलं आहे. लेखी उत्तर अजून आलेलं नाही. ते आलं की त्या शनिवारपासून मी जाईन. दुकान अकरानंतर उघडेन, गिऱ्हाइकांना तसं सांगूनही ठेवलं आहे.

आपली,
एक माजी संगणक शिक्षिका,
ता. भूम, जि. धाराशिव